गोव्याचा अंदाज घेऊन ऑस्ट्रेलियाला जाऊ नका

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की या सदराकडे प्रश्नांचा पूर येतो, पण यावेळी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच देशाचे आलेत, ऑस्ट्रेलियाचे, आणि तेही नुसते सिडनी-मेलबर्नचे नाहीत, आतल्या लाल वाळवंटाचे, तिथल्या उलुरू नावाच्या प्रचंड लाल दगडाचे. मी तिथे दोनदा जाऊन आले, २०१८ मध्ये आणि मग २०२३ मध्ये, म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच देते. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कुणाचं नाव छापत नाही, फक्त गाव.

फोंडा : आम्ही चौघं, मुलं ९ आणि १३ वर्षांची. सगळे मिळून आठ दिवस काढता येतील. एका एजंटनं सिडनी, गोल्ड कोस्ट, मेलबर्न, उलुरू आणि पर्थ असं आठ दिवसांचं पॅकेज दिलंय. दोन दिवसांत अ‍ॅडव्हान्स भरायचाय. भरू का?

नका भरू ताई. अगदी मनापासून सांगते, नका भरू.

आपला घोळ कुठे होतो माहितीये का, आपण गोव्यात राहतो. पेडण्याहून काणकोणला जायचं म्हटलं तरी जेवणाच्या आधी पोचतो, आणि तेसुद्धा आपल्याला लांब वाटतं. हाच अंदाज डोक्यात धरून आपण नकाशा बघतो आणि सिडनी, उलुरू, पर्थ ही नावं एका ओळीत लिहिलेली दिसली की वाटतं, होईल की, त्यात काय. आता आकडे बघा. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. ऑस्ट्रेलिया जवळजवळ ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या भारताच्या दुपटीहून मोठा, आणि लोक किती तर पावणेतीन कोटींच्या आसपास. उलुरू ज्या नॉर्दर्न टेरिटरीत आहे त्या एका प्रांतात साडेतीनशेहून जास्त गोवे बसतील, आणि माणसं मात्र आपल्या गोव्याच्या सहाव्या हिश्श्याएवढीच. सिडनी ते उलुरू विमानानं सुमारे २,२०० किलोमीटर, पणजीहून श्रीनगरला जाण्यासारखं. सिडनी ते पर्थ तर ३,३०० च्या आसपास. आता मला सांगा, आठ दिवसांत कुणी तुम्हाला गोवा, श्रीनगर, कोलकाता, कन्याकुमारी आणि परत असं पॅकेज दिलं तर तुम्ही घ्याल का?

शिवाय गोव्याहून तिकडे थेट विमान नाही. मोपा किंवा दाबोळीहून आधी मुंबई, बेंगळुरू नाहीतर दिल्ली, मग तिथून सिडनी-मेलबर्न, नाहीतर सिंगापूरवरून. घरातून निघाल्यापासून हॉटेलच्या खोलीत पाय ठेवीपर्यंत पूर्ण एक दिवस जातो आणि वर घड्याळ साडेचार तास पुढे. म्हणजे आठातले दोन दिवस नुसते जाण्यायेण्यात गेले, राहिले सहा, आणि सहा दिवसांत पाच ठिकाणं म्हणजे चार दिवस परत विमानतळावर. माझ्या मावशीच्या ग्रुपचं असंच झालं. उलुरूला एकच रात्र ठेवलेली, सिडनीचं विमान लेट झालं, हे लोक पोचले तेव्हा सूर्य बुडालेला आणि दुसऱ्या दिवशी दहाला परतीची फ्लाइट. इतके पैसे, इतकी हौस, आणि बसच्या काचेतून वीस मिनिटं बघून परत. मावशी अजून तो विषय निघाला की गप्प होते, आणि मला त्या टूरवाल्यांचा अजूनही राग येतो कारण त्यांना हे आधीच ठाऊक होतं.

मी काय करीन ते सांगते. आठाचे बारा दिवस करायचा प्रयत्न करा, घ्या कुठून तरी रजा. सिडनीला चार रात्री, तिथून विमानानं थेट उलुरूला तीन रात्री (साधारण साडेतीन तास लागतात, तिकिटावर एअर्स रॉक असं लिहिलेलं असेल, घाबरू नका, तेच ते), आणि तिथून मेलबर्नला तीन रात्री, आणि मेलबर्नहूनच घरी. जाताना सिडनी आणि येताना मेलबर्न असं तिकीट एकत्र काढता येतं, परत सिडनीला जायची गरज नाही. आणि बारा दिवस जमतच नसतील तर मेलबर्न काढा, पण वाळवंटाच्या तीन रात्री काढू नका. पर्थ आणि गोल्ड कोस्ट तर काढाच. समुद्र बघायला आपण एवढे लांब जायचं कारणच नाही, तो आपल्या दारात आहे.

सिडनीत मात्र एक गोष्ट करा, सर्क्युलर की नावाच्या धक्क्याहून मॅनलीला जाणारी फेरी पकडा. बेती-पणजी, रायबंदर-चोडण अशा फेऱ्यांत आपण वाढलेली माणसं, त्यामुळे ती फेरी आपल्याला जशी कळते तशी दुसऱ्या कुणाला कळत नसेल असं मला वाटतं. अर्ध्या तासात ऑपेरा हाऊस आणि १९३२ चा हार्बर ब्रिज दोन्ही पाण्यावरून दिसतात, आणि वेगळी महागडी क्रूझ घ्यायची गरज राहत नाही, आपलं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं. ऑपेरा हाऊसची आतली टूरही घ्या. ते डिझाइन करणारा यॉर्न उत्झन हा डॅनिश आर्किटेक्ट भांडणापायी १९६६ मध्ये काम अर्धं टाकून निघून गेला, १९७३ मध्ये इमारत उघडली आणि त्यानं ती पुरी झालेली डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. ही गोष्ट तिथे उभं राहून ऐकताना माझा घसा दाटून आला होता. एक दिवस ट्रेननं कटूंबाला जा, ब्लू माउंटन्स बघायला, दोन तास लागतात. मुलांना आवडेल.

मे महिना हा तुमच्यासाठी एकदम बरोबर आहे. तिकडे तेव्हा थंडी सुरू होत असते, वाळवंटात दिवसा २३-२४ डिग्री आणि पहाटे आठच्या आसपास, स्वेटर हवाच. नाताळच्या सुट्टीत जायचा विचार कुणी करत असेल तर शहरं बघा, वाळवंट नको, डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा चाळिशी गाठतो आणि चालायच्या वाटा सकाळीच बंद करतात.

डिचोली : एवढा खर्च करून लाल दगड आणि लाल माती बघायला का जायचं? आमच्या घरासमोर खाणीची लाल धूळ अख्खं आयुष्य बघितली.

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ तसाच ठेवला होता, कारण तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंय. तो रंग तुमचाच आहे हो. उलुरूचा दगड आतून करडा आहे, लाल नाहीच. त्यातलं लोखंड हवापाण्यानं गंजलं आणि तो गंज वर चढला, म्हणून तो लाल दिसतो. आपल्या चिऱ्याचा (म्हणजे जांभ्या दगडाचा), खाणीच्या धुळीचा, पावसात अंगणातून वाहणाऱ्या पाण्याचा जो रंग आहे तो पण लोखंडाचाच. फरक पाण्यात आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या पावसानं दगडातलं बाकी सगळं धुऊन नेलं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा चिरा झाला. तिथे वर्षाला तीनशेच्या आसपास. दहा वाट्यांतली एक वाटी. म्हणून आपल्याकडे लालावर हिरवं चढतं आणि तिथे लाल उघडं राहतं. डिचोलीच्या माणसाला हे जेवढं समजेल तेवढं दिल्लीच्या माणसाला समजणार नाही, आणि म्हणूनच मी म्हणते तुम्ही जा.

आणि तो नुसता दगड म्हणजे किती दगड. जमिनीपासून ३४८ मीटर उंच, आणि जेवढा वर दिसतो त्याहून कितीतरी जास्त जमिनीच्या खाली. कधीकाळी आडवे साचलेले वाळूचे थर जमिनीच्या दाबानं उलटून जवळजवळ उभे झालेत, जवळ गेलं की अंगावर त्या उभ्या रेघा दिसतात. त्याच्याभोवती चालायची वाट साडेदहा किलोमीटरची आहे. आम्ही पहाटे निघालो, हळूहळू, बसत बसत, चार तास लागले, आणि त्या चार तासांत तो दगड इतक्या वेळा बदलला, कुठे गुहा, कुठे पाण्याचा डोह, कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. फोटोत दिसतो तो त्याचा एकच चेहरा आहे.

आणखी एक, वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजस्थानची वाळू येते, तसं नाहीये ते. झाडं आहेत. तिथलं डेझर्ट ओक नावाचं झाड आपल्या मिरामारच्या सुरूच्या कुळातलं आहे, भाऊबंदच म्हणा ना. लहानपणी ते नुसतं खांबासारखं सरळ वाढत राहतं, मुळं खोल पाण्यापर्यंत पोचली की मगच फांद्या पसरतं. वारा सुटला की तोच सुरूच्या बनातला आवाज. मी डोळे मिटून ऐकला, समुद्राशिवाय.

पण खरं सांगू का, दगड आणि झाडं हे अर्धंच झालं. ती जागा अनंगू लोकांची आहे, तिथल्या मूळच्या आदिवासींची. १८७३ मध्ये विल्यम गॉस नावाचा एक सर्व्हेयर तिथे पोचला आणि त्यानं तिकडच्या एका पुढाऱ्याचं नाव त्याला देऊन टाकलं, एअर्स रॉक. त्या दगडाला हजारो वर्षं नाव होतंच. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारनं ती जमीन अनंगूंना परत केली आणि त्यांनी ती नॅशनल पार्कसाठी ९९ वर्षांच्या लीजवर दिली. वर चढू नका अशी त्यांची कितीतरी वर्षं विनंती होती, तिथे पाटी होती, तरी लोक साखळी धरून चढायचेच, पस्तीसहून जास्त माणसं त्यात मेली. २०१८ मध्ये मी गेले तेव्हा चढाई चालू होती. आम्ही पाटी वाचली आणि खालूनच फिरलो, पण साखळीवरून चढणारी रांग बघताना मला सारखं वाटत होतं की कुणीतरी आपल्या देवळाच्या घुमटीवर चढतंय आणि पुजारी खाली उभा राहून हात जोडतोय. २०१९ मध्ये, त्याच २६ ऑक्टोबरला, चढाई कायमची बंद झाली. २०२३ मध्ये गेले तेव्हा तो उतार मोकळा होता, पावलांनी घासून पांढुरका पडलेला पट्टा मात्र अजून दिसत होता.

आपण गोव्याची माणसं हे लगेच समजू शकतो. आपल्याकडे देवराईतलं झाड तोडत नाहीत, वारुळाला सांतेर म्हणून हात जोडतात, राखणदाराच्या जागेवरून जाताना आवाज खाली येतो, आणि का असं विचारलं तर सगळं सांगता येत नाही. तिथेही काही जागांवर फोटो काढू नका अशी पाटी असते, कारण त्या जागेची गोष्ट फक्त तिथे उभं राहूनच सांगायची असते, काही बायकांच्याच, काही पुरुषांच्याच. मोबाइल खिशात ठेवा. आणि तिथला खडा-माती उचलून आणू नका, लोक आठवण म्हणून दगड नेतात आणि वर्षानुवर्षांनी माफीची चिठ्ठी घालून पोस्टानं परत पाठवतात, इतके येतात की त्यांना तिथे सॉरी रॉक्स असं नावच पडलंय. गुहांतली चित्रं बघाल तेव्हा, उसगाळीमळला कुशावतीच्या काठावरची कातळचित्रं ज्यांनी पाहिलीत त्यांना एकदम ओळखीचं वाटेल. नसतील पाहिली तर ती आधी बघा, तिकीट लागत नाही आणि सांग्याच्या पलीकडेच आहेत, आपण तिथे का जात नाही हे मला खरंच कळत नाही.

पहिल्या दिवशी पार्कच्या कल्चरल सेंटरमध्ये दोन तास द्या. मग चाला. उलटं केलं तर नुसता दगड दिसतो. मी २०२३ ला गेले तेव्हा मोठ्यांना तीन दिवसांचा पास ३८ डॉलर होता, १८ वर्षांखालच्यांना फुकट.

आणि हो, कटा ट्युटा चुकवू नका, तिथून अर्ध्यापाऊण तासावर आहे, ३६ डोंगरांचा घोळका, त्यातला सगळ्यात उंच उलुरूहूनही उंच. व्हॅली ऑफ द विंड्स नावाची साडेसात किलोमीटरची वाट आहे, चढउताराची, मला ती उलुरूइतकीच, खरं म्हणजे जरा जास्तच आवडली, पण गर्दी तिकडे कमी असते.

म्हापसा : आम्ही चार मित्र. अ‍ॅलिस स्प्रिंग्सला गाडी भाड्यानं घेऊन उलुरूला जायचा विचार आहे. गोव्याचं लायसन्स चालेल का? रस्ता कसा आहे?

लायसन्स इंग्रजीत असतं त्यामुळे चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, गाडीवाले मागतात. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे हाताला सवय आहे. रस्ता डांबरी आणि सुंदर. अडचण रस्त्याची नाहीच, अंतराची आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्स ते उलुरू साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये गाव नाही. आपल्याकडे पणजी-मडगावमध्ये दहा मिनिटं घर दिसलं नाही तर रस्ता चुकला वाटतं. तिथे दोनशे किलोमीटर गेल्यावर अर्लडुंडा येतं, ते पण गाव नाही, एक रोडहाऊस, पेट्रोल, कॉफी, संडास. तिथून उजवीकडे वळायचं आणि परत अडीचशे किलोमीटर. प्रत्येक रोडहाऊसला टाकी फुल करायची, अर्धी आहे म्हणून पुढे जायचं नाही. माणशी पाच-सहा लिटर पाणी गाडीत. फोनला मध्ये रेंज नसते, टेलस्ट्राचं सिम त्यातल्या त्यात लांबपर्यंत लागतं, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंधार. आम्ही २०१८ ला अ‍ॅलिस स्प्रिंग्सला गाडी घेतली, त्या ऑफिसात कागदपत्रं आणि डिपॉझिट करता करता दुपारचे दोन वाजले, आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही की आता निघू नका, उद्या सकाळी जा. मे महिन्यात सहाला सूर्य बुडतो. शेवटचे सत्तर-ऐंशी किलोमीटर काळोखात, रस्त्याला दिवा नाही, कुंपण नाही, आणि एका वळणावर हेडलाइटच्या उजेडात एकदम गाई, काळ्या, रस्त्याच्या मधोमध बसलेल्या. नवऱ्यानं ब्रेक दाबला, गाडी दोन हातांवर थांबली. त्यानंतर आम्ही चाळीसच्या स्पीडनं गेलो आणि कुणी एक शब्द बोललं नाही. नंतर अ‍ॅग्रीमेंट वाचलं तर त्यात लिहिलेलं, शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर इन्शुरन्स लागू नाही. आणि रोजचे पहिले शंभर किलोमीटरच भाड्यात, पुढचे वेगळे मोजणार. या दोन गोष्टी सही करण्याआधी तोंडी विचारा, आणि सकाळी सातला निघा. कांगारू, गाई, जंगली उंट, हे सगळे संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात.

रोड ट्रेन म्हणून एक प्रकार भेटेल, एका ट्रकला तीन-चार ट्रेलर जोडलेले, पन्नास मीटरहून लांब. सावर्ड्याचे खाणीचे ट्रक एकामागून एक जायचे ते आठवतं ना, तसे चार ट्रक एकाच इंजिनाला बांधल्यासारखं. ओव्हरटेक करायचा तर समोर दीड-दोन किलोमीटर मोकळं दिसायला हवं, नाहीतर मागे राहा. साध्या गाडीनं कच्च्या रस्त्यावर उतरू नका, भाड्याच्या करारात चालत नाही.

वाटेत डावीकडे एक मोठा सपाट डोक्याचा डोंगर दिसेल आणि सगळे ओरडतील उलुरू उलुरू. तो नव्हे. तो माउंट कॉनर. अजून शंभर किलोमीटर आहे.

मडगाव : वडील ६७ वर्षांचे, गुडघे दुखतात, आणि शुद्ध शाकाहारी. त्यांना न्यावं का? 'द घान' नावाच्या ट्रेननं गेलो तर?

न्या, नक्की न्या. साडेदहा किलोमीटर चालायलाच हवं असं नाही. मुटिजुलू डोहाकडे जाणारी वाट जाऊन येऊन एकच किलोमीटर आहे, सपाट, व्हीलचेअरसुद्धा जाते, गुहेतली चित्रं तिथेच आहेत आणि पाण्याजवळ बसायला बाक आहे. माला वॉकही दोन किलोमीटरची आणि सपाट. काकांना सकाळी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरी, पुष्कळ झालं.

जेवणाचं म्हणजे शहरांत काहीच प्रश्न नाही, सिडनीत हॅरिस पार्कला गेलात तर डोशापासून ढोकळ्यापर्यंत सगळं मिळतं. प्रश्न वाळवंटात येतो. युलारा हे रिसॉर्टचं एकच गाव, तिथली हॉटेलं महाग आणि शाकाहारी पदार्थ मोजके. पण तिथे सुपरमार्केट आहे. किचन असलेली खोली घ्या, तांदूळ, डाळ, भाजी सगळं मिळतं, वरण-भात स्वतः करा. लाल दगडाकडे बघत गरम वरण-भात खायला काकांना जे वाटेल ते कुठल्या बुफेत वाटणार नाही.

घानबद्दल. अ‍ॅडलेडहून डार्विनला जाते, २,९७९ किलोमीटर, तीन दिवस दोन रात्री, अतिशय सुंदर आणि अतिशय महाग. चौघांच्या घानच्या पैशांत तुमचा बाकीचा सगळा प्रवास होईल, म्हणून मी तरी नको म्हणेन. पण तिच्या नावाची गोष्ट काकांना सांगा. एकोणिसाव्या शतकात त्या वाळवंटात माल न्यायला उंट आणले ते आपल्या इकडून, १८६० मध्ये कराचीहून २४ उंट जहाजानं मेलबर्नला उतरवले, आणि मग पुढे हजारो. सोबत उंटवाले. ते बलुचिस्तानचे, पंजाबचे, सिंधचे, अफगाणिस्तानचे, पण तिकडच्या लोकांनी सगळ्यांना सरसकट अफगाण म्हटलं आणि त्याचं झालं घान. अ‍ॅडलेडहून डार्विनला जी तारयंत्राची लाइन १८७२ मध्ये पुरी झाली, तिचं सामान वाहायलाही हेच उंट होते. पुढे ट्रक आले, उंट सोडून दिले, आज रस्त्यावर दिसतात ते त्यांचे वंशज. उंटवाल्यांची नावं फारशी कुठे लिहिलेली दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

म्हापसा : मिस्टरांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा आणि मुलीचा भारतीय. व्हिसा एकत्र होईल का?

नाही होणार, आणि गोव्यात ही गफलत खूप घरांत होते. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला ईव्हिजिटर मिळतो, सबक्लास ६५१, ऑनलाइन, फी नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला सबक्लास ६००, त्याला फी आहे, बँकेची स्टेटमेंट्स, रजेचं पत्र, प्रवासाचा प्लॅन असं सगळं लागतं आणि वेळ लागतो. मिस्टरांचा व्हिसा पटकन आला म्हणून तिघांची विमानाची तिकिटं काढून मोकळे होऊ नका, तुमचा आणि मुलीचा हातात आल्याशिवाय नॉन-रिफंडेबल काहीच घेऊ नका. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर मारत नाहीत, ईमेल येतो, त्याची प्रिंट ठेवा. आणि परत येताना मिस्टरांचं ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) हँडबॅगेत हवं, कपाटात नको.

पेडणे : बहीण मेलबर्नला असते. तिच्यासाठी सुकट, आमसुलं, आंब्याचं लोणचं, काजू आणि भावोजींसाठी फेणी न्यायची आहे. अडवतात का?

विमानात एक कार्ड देतात, त्यावर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारतात. तिथे हो करा. बस, एवढंच. हो लिहिलं आणि त्यांना नको असलेलं काही निघालं तर ते काढून घेतात, दंड नाही. नाही लिहिलं आणि निघालं तर मोठा दंड, आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. तो देश बेट आहे, बाहेरची कीड आत आली तर शेतीची वाट लागते हे त्यांनी भोगलंय, म्हणून ते कडक आहेत. ताजी फळं, आंबे, बिया, घरगुती मांस, चोरीस (आपली गोव्याची सॉसेजं), माव्याची मिठाई नेऊच नका. काजू आणि लोणचं दुकानातलं सीलबंद घ्या, घरच्या बरणीतलं नको, सगळं एका पिशवीत वर ठेवा म्हणजे बॅग पूर्ण उपसावी लागत नाही. सुकट दाखवा, ते ठरवतील. फेणी चालते, मोठ्या माणसाला सव्वादोन लिटरपर्यंत दारू ड्युटी-फ्री. माझी आमसुलं त्या माणसानं हातात घेऊन वास घेतला, हे काय म्हणून विचारलं, मी कढी कशी करतात ते सांगितलं, त्यानं परत पिशवीत ठेवून दिली.

काणकोण : मी अकरावीत आहे. आकाशदर्शनाचा नाद आहे. मामाबरोबर मे महिन्यात उलुरूला जातेय. तिकडे काय वेगळं दिसेल?

सगळ्यात आवडलेला प्रश्न हा. जायच्या आधी एक काम कर. मेच्या मधल्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमाराला, दक्षिणेचं आकाश मोकळं दिसेल अशा जागी उभी राहा, ढग नसतील तर क्षितिजाच्या थोडं वर चार ताऱ्यांचा पतंग दिसेल. तो त्रिशंकू. आपल्याकडून तो कायम असा खालीच लोंबकळलेला दिसतो, समुद्रावरच्या धुक्यात अर्धा बुडालेला. वहीत त्याची उंची लिहून ठेव, हात लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आपल्याकडे दीड मूठ भरेल.

मग उलुरूला त्याच वेळेला बघ. साडेपाच मुठी. सगळे तारे तेच, पण खाली होतं ते वर गेलंय, आणि आपला ध्रुवतारा नाहीच, कितीही शोध. संध्याकाळी पश्चिमेला मृग मावळताना दिसेल तो आपल्यापेक्षा उलटा. रात्र चढली की आकाशगंगा पूर्वेकडून वर येते, आणि तिथे तुला तारे बघायचे नाहीयेत, ताऱ्यांमधला काळोख बघायचाय. त्रिशंकूच्या बाजूला एक काळा डाग आहे, ते डोकं, तिथून मान, मग पोट, पाय, ऑस्ट्रेलियातले बरेच आदिवासी त्याला एमू म्हणतात. आपण ताऱ्यांना जोडून चित्रं करतो, त्यांनी अंधाराचं चित्र केलं. मी पहिल्यांदा पंधरा मिनिटं बघत होते आणि काही दिसत नव्हतं, आणि मग एकदम दिसला, आणि मग रात्रभर दुसरं काही दिसेना.

तारखा ठरवताना मामांना कालनिर्णय दाखव, अमावास्येच्या आसपासच्या रात्री घ्या, पौर्णिमेला हे काही दिसणार नाही. टॉर्चला लाल जिलेटीन लाव, जाड स्वेटर आणि कानटोपी ने, आणि आल्यावर साडेपाच मुठी भरल्या का ते मला कळव.